गिव्ह अप : घरचं वाक्य

हॅलो?… हॅलो, कोण?… हाव, बोल पौर्णिमा. जय भीम बेटा, जय भीम.

आवाज नीट नाई येऊन राह्यला… ट्रक चालले काय तिकडे? तू घरात आहेस का रोडवर?… अंगणात? मग आत बसून बोल ना… नाई? बरं, राहू दे. अंगणात तं अंगणात.

मी काय, बसली आहे. खिडकीजवळ, माह्या पलंगावर. शाळेतून रिटायर झाल्यापासून हाच धंदा. कोण आलं, कोण गेलं, अर्धं सिंदी मेघे मले इथूनच दिसते. ही जागा मी कोणाले देत नाई, पाहुण्यालेही नाई.

दादा कसा आहे?… जेवला?… वरण-भात कालवून दिला? गिळता येऊन राह्यलं ना नीट?… हं. उजवा हात?… तसाच. अन् बोलणं?… होईन, होईन हळूहळू. लकवा मारला की बोलणं सगळ्यात शेवटी येते, असंच सांगत होते दवाखान्यातले डॉक्टर. वाटी वाजवते ना?… चहा विचारला की दोनदा चमचा? पाह्य बापा. तुह्या बाबाचं बोलणं गेलं, पण कंडक्टरकी नाई गेली. नोकरीभर एसटीत दोरी ओढली त्यानं. एक घंटी म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल. आता एक म्हंजे नाई अन् दोन म्हंजे हो. सोपं करून ठेवलं त्यानं तुमच्यासाठी.

बरं, रविवार आहे, अभ्यास करू. तुह्या नर्सिंगचा इंग्रजीचा पेपर तोंडावर आला. आज मी लुक आफ्टर घेणार होती… काय?… गिव्ह अप? ते काऊन? तूच तं म्हणे, आत्या, पेपरात लुक आफ्टर हमखास येते, पेशंटची काळजी घेणे… नाई? गिव्ह अपच पाहिजे?… बरं बाई. तू म्हणशीन तसं.

ऐक मग. गिव्ह म्हंजे देणे, अप म्हंजे वर. आता 'वर देणे' असं सांगशीन तं मी फोन ठेवीन. दोन शब्द एका घरात नांदाले लागले की त्याहिचा अर्थ वेगळा होते. पहिला अर्थ, सवय सोडणे. कर वाक्य… नियम माहीत आहे ना? गाईडातलं नाई चालत. घरचं पाहिजे, अन् खरं पाहिजे. खोटं केलं तं पुढचा अर्थ मिळत नाई.

हाव… 'माय फादर गेव्ह अप खर्रा.' शाब्बास. पण तो तंबाखू कधी सोडला?… लकवा मारल्यावर? तं मग अर्धंच खरं आहे. त्यानं नाई सोडला, डॉक्टरनं सोडवला… चालते, चालते. एवढीशी हसली तं सही.

दुसरा अर्थ. आपलं असते ते दुसऱ्याले देऊन देणे. आपली जागा, आपला हक्क. बसमध्ये म्हातारी चढली, तू उठली. यू गेव्ह अप युवर सीट. आता तुहं सांग… थांब, हळू म्हण… 'बाबा गेव्ह अप हिज सीट एव्हरी डे.' हे मात्र सोळा आणे खरं. दाराजवळची कंडक्टरची सीट, तिच्यावर कधी त्याले बसलेलं पाह्यलंच नाई मी. कोण्यातरी लेकुरवाळीले बसवे अन् आपण खांबाले टेकून हिशेब करे. पायाच्या नसा कायनं फुगल्या त्याच्या? त्याच्यानंच.

आणखी एक सुचलं?… सांग ना… 'माय ग्रेट ग्रँडफादर गेव्ह अप द ओल्ड गॉड्स.' वा. छप्पन सालचं. टोपल्यात घालून नदीवर नेले होते म्हणे देव, अन् येता येता मेलेली ढोरं ओढायचं कामही सोडून आला तो. माही आजी सांगे, त्या दिवशी घरी चूल पेटली नाई पण कोणी रडलंही नाई. चांगलं वाक्य आहे. टिक देऊन ठेव त्याले.

हाव… हाव, खरं आहे, सगळंच सोडणं वाईट नसते. पण हे तू मले काऊन समजावून राह्यली? शिकवून कोण राह्यलं, तू का मी?… काई नाई म्हणते. बरं.

तिसरा अर्थ, पोलिसाच्या हवाली होणे. चोर गेव्ह हिमसेल्फ अप. आपल्या घरी अजून कोणी झालं नाई, म्हणून घरचं वाक्य नाई. पुढं चाल.

चौथा. हा नीट ऐक, हाच परीक्षेत येते. प्रयत्न सोडणे, हार मानणे. नेव्हर गिव्ह अप, असं रिक्षाच्या मागंही लिहिलेलं असते. ते नको सांगू. घरचं कर.

…

हॅलो?… लाईन गेली काय?… आहेस? मग बोलत काऊन नाई?… कर ना. एवढं कठीण नाई ते… 'द बॉय गेव्ह अप…' कोण बॉय? आपल्या घरी कोण बॉय आहे? गाईडातलं उचललं ना? मी काय म्हटलं होतं?… नाई, 'द गर्ल' केल्यानं घरचं नाई होत. कोण गर्ल?… पौर्णिमा?

थांब. पुन्हा म्हण.

'आय ॲम गिव्हिंग अप माय कॉलेज.'

…

हे खरं आहे काय?… मी विचारून राह्यली, हे वाक्य खरं आहे काय?… उद्या? उद्याच्या गाडीनं इकडं वर्धेले येऊन कॉलेजातून नाव काढून घेणार? अन् म्हणून आज तुले गिव्ह अप पाहिजे होतं. अवं, सरळ सांगता येत नव्हतं तुले? आत्या काय खाऊन टाकणार होती?… नाई, रागावली नाई मी… हाव, रागावली. रागावली आहे मी. रागाचं काम केलं तं राग येईन नाई काय?

कोणाले विचारलं?… अश्वजितले? काय म्हणे तुहा भाऊ?… 'तुले वाटन तसं कर.' नागपुरात बसून म्हणे. त्याले म्हटलं काय कोणी, नोकरी सोडून ये म्हणून?… नाई, शिव्या नाई देऊन राह्यली मी त्याले. त्याच्या घरी तान्हं लेकरू आहे, मले माहीत आहे, पैसेही पाठवून राह्यला तो. पण सोडायची पाळी आली की पहिलं नाव पोरीचंच काऊन येते, एवढंच विचारून राह्यली. अन् तेही आता कोणी घेतलं नाई. तूच घेतलं आपलं नाव.

बोल, बोल. मी मधात नाई बोलत.

…हं.

…हाव, रात्रीही कूस बदलावी लागते. खरं आहे.

…संडास अंगणात आहे, हाव. एकट्या पोरीनं एवढ्या माणसाले उचलून न्यायचं, मले काय समजत नाई काय?… वहिनी असती तं ही पाळीच नसती आली. पण ती नाई… जयवंताबाईचंही खरं आहे, शेजारीण असून घरच्यासारखी बसते बिचारी. पण संत्र्याचा तोडा आला की तिले वावरात जा लागन, ती काय करन? बाई ठेवली ती पळून गेली… हाव. सगळं खरं आहे पौर्णिमा. तुहं एकही वाक्य खोटं नाई. म्हणून तं मले भीती वाटून राह्यली.

रडू नको… बरं, रड. रडून घे. मी आहे फोनवर.

…

झालं?… नाक पूस. ओढणीनंच पूस, मी कुठं पाहून राह्यली.

आता ऐक माहं. मी म्हटलं होतं ना दवाखान्यातून सुटी झाली तवाच, त्याले माह्या घरी आणा म्हणून?… हाव, तूही होतीस ना तिथं. एकच घंटी. एवढ्या जोरात चमचा हाणला की वाटी पलंगाखाली गेली. बहिणीच्या घरी भाऊ पाहुणा म्हणून येते, दोन घास खाते, निघून जाते. गादी घेऊन राह्याले नाई येत. आपल्या इकडची रीत आहे ही, काय करशीन? माह्या लग्नापासून तो माह्या दारात कधी रिकाम्या हातानं आला नाई. संत्र्याची थैली तं असेच. तुहे फुफाजी वारले तवा आला, तेव्हाही त्याच्या हातात थैली होती. दारातच ठेवली त्यानं अन् मंग माह्या डोक्यावर हात ठेवला. असा माणूस म्हणते, आता मी लोळागोळा होऊन कमलीच्या घरी पडू काय? बोलत नाई, पण मले ऐकू येते ते.

अन् मी ऐकलं त्याचं. म्हटलं, नको तं नको, माणसाचं मन मोडू नाई. पण तवा मले हे माहीत नव्हतं. त्याची रीत तुह्या कॉलेजावर येऊन पडन, हे नव्हतं माहीत.

त्याले माहीत आहे काय?… तू नाव काढून राह्यली हे, दादाले माहीत आहे काय?… नाई सांगितलं. म्हणून अंगणात उभी आहेस. तरीच मी म्हटलं.

एक अर्थ राह्यला पाह्य शिकवायचा. गिव्ह अप ऑन समबडी. मागं ऑन लागते. माणसावरचा भरवसाच सोडून देणे. आता ह्याचं काही होत नाई, असं मनात धरणे. सगळ्यात वाईट अर्थ हा. तू बाबावरचा भरवसा सोडला काय?… नाई ना? मग त्याले न विचारता, त्याच्या पाठीमागं एवढं मोठं करून राह्यली, तं हे काय झालं? त्याले ऐकू येते, समजते, हिशेब तं तुह्याहून चांगला येते. बोलता येत नाई एवढंच.

आत जा… जा म्हणून राह्यली ना. फोन स्पीकरवर टाक, अन् त्याच्या उशाशी ठेव… रडन तं रडू दे. त्याचंही काही अडकलं असन छातीत, निघन… पौर्णिमा, बेटा, उद्या ते नाव काढलं की झालं. मंग कोणी घंटी वाजवली तरी गाडी थांबत नाई. जा.

…

टाकला स्पीकर?… जवळ ठेव. डाव्या बाजूनं, तो कान चांगला आहे… वाटी-चमचा दिला हातात?… बरं. तू बस तिथंच. मधात बोलू नको.

दादा… मी कमला बोलून राह्यली, वर्धेवरून.

ऐकू येते ना?… हाव, दोन. ऐकल्या मी.

दादा, तुही पोरगी उद्या कॉलेज सोडून राह्यली. तुले करायले कोणी नाई म्हणून. तिनं तुले सांगितलं नाई, मलेही नसतं सांगितलं. पण मी तिले खरं वाक्य कर म्हटलं अन् तिच्या तोंडून ते निघालं. तिच्यावर चिडू नको. पोरगी खरं बोलणारी आहे, कोणावर गेली तुले माहीत आहे.

…

अरे… हळू. हळू वाजव. हाव, एक. एक. ऐकलं मी, तुले नाई पाहिजे ते. मलेही नाई पाहिजे. म्हणूनच बोलून राह्यली. पौर्णिमा, पाणी दे त्याले थोडं, चमच्यानं… ठसका नाई ना लागला?… बरं.

दादा, पोरीले मी शिकवून राह्यली ते कोणाचं आहे, माहीत आहे तिले? नाई माहीत. पौर्णिमा, तूही ऐक. घरचं वाक्य पाहिजे, खरं वाक्य पाहिजे, हा नियम माहा नाई. हा तुह्या बाबाचा आहे. मी डीएडले होती वर्धेले, सुट्टीत घरी आली की हा संध्याकाळी ड्युटीवरून येऊन, खाकी शर्ट न काढताच, माहा अभ्यास घेत बसे. मी गाईडातलं वाक्य म्हटलं की म्हणे, हा जॉन कोण आहे, मी नाई ओळखत त्याले, आपल्या घरचं सांग. मी काही खोटं जुळवलं की म्हणे, असं कधी झालं? मले तं नाई आठवत. अन् मी हसे.

हे सगळं तुले आठवते ना दादा?… हाव.

आर्वीच्या कॉलेजात तुहं नाव होतं. आपल्या बाबाले आपल्या दोघाले शिकवणं होत नव्हतं. एक दिवस तू घरी आला अन् म्हणे, मले अभ्यासाचा कंटाळा आला, मी कंडक्टरच्या भरतीले जातो, कमलीले वर्धेले पाठवा. कंटाळा नव्हता आला तुले. घरातल्या सगळ्याले माहीत होतं. कंटाळा आलेला माणूस थकून भागून येऊन बहिणीचं इंग्रजी नाई घेत बसत. तुही सीट होती ती. तू उठला अन् मले बसवलं.

अन् मी बसली. नाई-नको म्हटलं नाई मी. लाजली नाई, मान खाली घातली नाई. भाऊ देऊन राह्यला ना, मंग दोन्ही हातानं घेतलं. त्याच्यावर नोकरी केली, हे घर बांधलं, तुह्यासमोर बसून इंग्रजीत भाषणही केलं एकदा, आठवते? तू टाळ्या वाजवत होता सगळ्यात मागं बसून. तवा मले नाई वाटलं भावाचं घेतलं म्हणून कमी झालं काही. तुलेही नाई वाटलं.

मंग आता तुले घेता काऊन येत नाई, दादा?

…

नाई, वाजवू नको अजून. पुरतं बोलू दे मले. नाईतं तू एक वाजवशीन अन् माहं अर्ध्यातच राहीन.

मले माहीत आहे तुले काय वाटते ते. बहिणीनं आंघोळ घालायची, बहिणीनं कपडे बदलायचे, याच्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटून राह्यलं तुले. मी तुही लहान बहीण आहे रे. मले तापात खांद्यावर टाकून तूच दवाखान्यात नेलतं, तवा माह्या अंगावर काय होतं काय नव्हतं, पाह्यलं होतं काय तू?… इथं घरातच संडास आहे, माह्या गुडघ्यासाठी कमोड बसवलेला. सावंगीचा दवाखाना ऑटोच्या अंतरावर आहे. व्यायाम शिकवणारी एक पोरगी आमच्याच गल्लीत राह्यते, मी तिच्याशी बोलून ठेवलं आहे, तुले न विचारता. पौर्णिमा दिवसा कॉलेजात जाईन अन् रात्री आपल्या बापाजवळ असन. मी एकटी राह्यते दादा. संध्याकाळी दोन ताटं घ्यावी वाटतात अन् एकच काढा लागते. तुह्यावर उपकार नाई करून राह्यली मी. मलेही कोणी पाहिजे.

अन् एक सांगते. तुह्या मोठ्या मनानं तू एकदा सोडलं, ते चांगलं झालं. पण या घरात एकानं सोडायचं अन् एकानं शिकायचं, हे कुठवर? तुह्यानंतर आता तुही पोरगी? तिचं सोडणं मी नाई घेत. तुहं घेतलं होतं. तिचं नाई घेत.

रीत रीत काय करून राह्यला? आपल्या आज्यानं देव नेऊन नदीत सोडले, तुह्याच्यानं एवढी एक रीत नाई सोडवत?

…

हं, हसला?… पौर्णिमा, हसला काय तो?… डोळे पुसून राह्यला… बरं. पुसू दे. तू नको पुसू, त्याच्या डाव्या हातानं त्यालेच पुसू दे.

दादा, उद्या सकाळी जयवंताबाईच्या घरच्या चंद्रभान भाऊची गाडी येईन. तिले फोन करते मी, ते नाई म्हणणार नाईत. मागं गादी टाकून हळूहळू आणतीन. पौर्णिमा सोबत येईन, पण नाव काढाले नाई, पेपरचा अभ्यास कराले. वाटलं तं येता येता संत्र्याची थैली घेऊन ये, रिकाम्या हातानं नको येऊ. पण ये.

आता तू सांग. कंडक्टर तू आहेस. घंटी तुह्या हातात आहे. तू एक वाजवशीन तं मी फोन ठेवीन अन् पुन्हा नाई म्हणणार. दोन वाजवल्या तं गाडी निघाली.

वाजव.

…

पौर्णिमा, बोलू नको. त्याच्या हातालेही धरू नको.

…

एक.

…

ऐकली दादा. एक ऐकली मी.

…

…

थांबली आहे मी. नाई ठेवून राह्यली फोन. तुले वेळ लागते, लागू दे.

…

…

दोन.

…दुसरी वाजली ना, पौर्णिमा? तुलेही आली ना ऐकू?… मलेही आली. स्वच्छ आली.

…

हाव… हाव, बेटा… नाई, मी नाई रडून राह्यली… बरं, रडून राह्यली. चालते.

दादाले सांग, ऐकलं म्हणून. अन् त्या कॉलेज सोडायच्या वाक्यावर आडवी रेघ मार, आपल्या घरचं नाई ते… बाकीचं उद्या बोलू. ठेव आता फोन. मले पलंग सरकवायचा आहे, खिडकीजवळची जागा मोकळी कराची आहे त्याच्यासाठी.